घसा आणि घसारा

बी. कॉम. झालेल्या माणसाला या जगातल्या दोनच गोष्टी खात्रीनं ठाऊक असतात. एक म्हणजे डाव्या हाताला नावे आणि उजव्या हाताला जमा. आणि दुसरी म्हणजे घसारा कुणाला चुकलेला नाही. तो टेबलावर पडतो, खुर्चीवर पडतो, खुर्चीत बसलेल्या कारकुनावरही पडतो. फक्त हा शेवटचा ताळेबंदात दाखवत नाहीत. आता घसा आणि घसारा या शब्दांचं एकमेकांशी काही नातं आहे की नाही, ते भाषापंडितांनी बघावं. इतिहासात मात्र ते आहे, आणि चांगलं पाचशे वर्षांचं आहे. मला त्याचा पत्ता लागला तो माझ्या भाचीमुळं.

ही भाची सध्या एका व्हिडिओची वाट बघते आहे. वाट बघते म्हणजे दहावीचा निकाल लागायच्या आदल्या रात्री आम्ही बघायचो तशी. फरक एवढाच की आम्हाला निकाल लागूच नये असं वाटायचं. दक्षिण लंडनमध्ये नॉरबरी म्हणून एक उपनगर आहे. तिथं सेंट फिलिप्स नावाचं चर्च आहे. त्या चर्चमधल्या मुलांच्या गायनवृंदातून ‘लिबेरा’ नावाचा वृंद उभा राहिला. लॅटिनमध्ये या शब्दाचा अर्थ ‘मुक्त कर’. साधारण सात ते सोळा वर्षांची पोरं, अंगात पायघोळ पांढरे झगे, पाठीवर झग्याचीच टोपडी, आणि आवाज असा की आमच्या सोसायटीतलं कुत्रंसुद्धा भुंकायचं थांबून कान टवकारतं. पोरं साध्या शाळांत जाणारी, घरी आईच्या हातचं जेवणारी. रॉबर्ट प्राइझमन नावाच्या गृहस्थांनी त्यांना घडवलं, त्यांच्यासाठी गाणी रचली. ते २०२१ साली वारले. वृंद चालू आहे.

तर त्यांचा नवा व्हिडिओ येणार म्हटलं की जगभरच्या चाहत्यांचं अंदाजपंचे सुरू होतं. गाणं कुठलं? चित्रण चर्चमध्ये की समुद्रकिनारी? एकटा कोण गाणार? एखादा फोटो कुठं दिसला की तो हे लोक असा न्याहाळतात, की आम्ही पन्नास लाखांच्या चेकवरची सहीसुद्धा तितकी न्याहाळत नाही. मी शेजारी वर्तमानपत्र वाचत बसलो होतो. भाची म्हणाली, “मामा, मागच्या रांगेत डावीकडं उभा असायचा ना, तो यात नाही.”

“रजेवर असेल,” मी म्हणालो. आमच्याकडे माणूस जागेवर दिसला नाही की पहिला अंदाज हाच.

“रजेवर नाही. फुटला असणार.”

“काय फुटला?”

“आवाज!” तिनं इतक्या खालच्या सुरात सांगितलं की क्षणभर मला वाटलं, कुणाच्या घरी भेटायला जायचं आहे.

मग तिनं मला एकेक गोष्ट समजावून सांगितली. केसांवरून चित्रणाचा महिना काढायचा. उंचीवरून आवाजाचं उरलेलं आयुष्य काढायचं. अमका दोन इंच वाढला, म्हणजे आता याचं शेवटचं गाणं. तमक्याला मोठ्यांच्या बाजूला उभं केलंय, म्हणजे तो खालच्या पट्टीत गेला. आणि सगळ्यात गंमत अशी की गाणं आधी स्टुडिओत ध्वनिमुद्रित होतं, आणि चित्रण नंतर. म्हणजे पोरगं कॅमेऱ्यासमोर उभं राहून स्वतःच्याच आवाजावर ओठ हलवणार. हिंदी सिनेमात नट दुसऱ्याच्या आवाजावर ओठ हलवतो, हे आपल्या अंगवळणी पडलेलं आहे. पण इथं एखादा असाही निघू शकतो की गळा मार्चमधला, चेहरा ऑगस्टमधला, आणि मधल्या काळात त्या गळ्याचा मालकच बदललेला! आपणच आपलं पार्श्वगायन करायचं, तेही स्वर्गवासी झालेल्या आपलं!

मला यातलं संगीत कळत नाही. हिशेब कळतो. आणि हा हिशेब मला विलक्षण वाटला. आमच्या पुस्तकात घसाऱ्याच्या दोन मुख्य पद्धती होत्या. एकीत मालमत्ता दरवर्षी सारख्या हप्त्यानं झिजते, दुसरीत उरलेल्या किमतीच्या टक्क्यानं झिजते. मुलाच्या आवाजाला यातली एकही लागू पडत नाही. तो झिजत नाहीच. तो दरवर्षी भरत जातो, गोल होत जातो. जाणकार तर सांगतात की फुटायच्या आधीचे काही महिने तो सर्वांत सुंदर असतो. आणि मग काही आठवड्यांत शिल्लक शून्य. बँकेत मुदत पुरी झाली की मुद्दल व्याजासकट परत मिळतं. इथं मुदत पुरी झाली की मुद्दलच बुडतं. असा व्यवहार कुठल्याही बँकेनं मंजूर केला नसता. चर्चनं मात्र तो शतकानुशतकं चालवला.

कारण उघड होतं. चर्चमध्ये बायकांनी गायचं नाही, हा जुना दंडक. आणि देवाला वरच्या पट्टीतलं गाणं तर हवं. मग पोरं आणा! ऑस्ट्रियाच्या मॅक्सिमिलियन राजानं १४९८ साली व्हिएन्नाच्या दरबारी प्रार्थनागृहासाठी गाणारी पोरं नेमली. जगप्रसिद्ध व्हिएन्ना बॉइज क्वायर आपला जन्म तेव्हापासून धरतो. इंग्लंडात तर याहून कडक कारभार. तिथल्या राजेलोकांनी आपल्या गायकमास्तरांना फर्मानंच देऊन ठेवली होती, की राज्यात कुठंही चांगला गळा दिसला की पोरगं उचलावं. जॉइनिंग टाइम नाही, प्रवासभत्ता नाही, आणि युनियनकडं जावं तर युनियन नाही. १६०० साली टॉमस क्लिफ्टन नावाचं पोरगं असंच शाळेच्या वाटेवरून उचललं, आणि तेही गाण्यासाठी नव्हे तर नाटकात उभं करण्यासाठी. बाप वजनदार निघाला. त्यानं वरपर्यंत धाव घेतली आणि पोराला सोडवून आणलं. बदली रद्द करून घेण्यासाठी वर ओळख लागते, हे तत्त्व तेव्हाही होतं.

पण मला जवळचा वाटला तो हायडन. हा पुढं केवढा मोठा संगीतकार झाला. पण लहानपणी व्हिएन्नाच्या सेंट स्टीफन्स कॅथीड्रलमध्ये गाणारं पोरगं होता. आवाज चांगला होता तोवर सगळं ठीक. तो जायला लागला तशी वरिष्ठांची नजर बदलली. खुद्द मारिया तेरेसा महाराणींनी म्हणे शेरा मारला, की हा पोरगा आता गात नाही, कावळ्यासारखा ओरडतो. महाराणीचा शेरा! आमच्या गोपनीय अहवालात साहेबानं ‘समाधानकारक’ लिहिलं तरी आम्हाला तीन रात्री झोप येत नाही.

रॉइटर नावाचे त्याचे मास्तर. त्यांनी मधल्या काळात एक तोडगा सुचवला होता, असं हायडनच्या जुन्या चरित्रकारानं लिहून ठेवलंय. आवाजाची कायम ठेव करण्याचा तोडगा. त्या काळी इटलीत तो प्रचलित होता. एक लहानशी शस्त्रक्रिया केली की आवाज जन्मभर तसाच राहतो, फक्त घराण्याचं खातं कायमचं बंद होतं. हायडनच्या बापाच्या कानावर ही योजना गेली तेव्हा तो गाडे बनवणारा साधा कारागीर तडक व्हिएन्नाला निघाला. पोहोचला आणि पोराला पहिला प्रश्न विचारला तो हाच, की दुखतंय का फार? सुदैवानं तोवर काही झालेलं नव्हतं. संगीताच्या इतिहासात एवढ्या वेळेवर पोहोचलेला दुसरा बाप मला तरी माहीत नाही.

पुढं १७४९ साली हायडननं समोरच्या मुलाची शेपटीसारखी वेणी कात्रीनं कापली. त्या काळी मुलगे वेण्या घालत. मास्तर निमित्त शोधतच होते. छड्या मारल्या आणि बाहेर काढलं. वय वर्षं सतरा, खिशात काही नाही. आणि वृंदात त्याची गाणी कोण गायला लागलं होतं? त्याचाच धाकटा भाऊ मायकेल. आमच्याकडे यालाच अनुकंपा तत्त्वावर नेमणूक म्हणतात. पण त्यासाठी आधीचा माणूस निदान मरावा लागतो.

शूबर्टनं तर स्वतःचा मृत्युलेख स्वतःच लिहिला. अकराव्या वर्षी, १८०८ साली, तो दरबारी वृंदात लागला. २६ जुलै १८१२ या दिवशी त्यानं गाण्याच्या कागदावर नोंद करून ठेवली की फ्रान्झ शूबर्ट आज शेवटचा आरवला. वय पंधरा. निवृत्तीच्या दिवशी आमच्याकडे शाल, श्रीफळ आणि भिंतीवरचं घड्याळ देतात, आणि दोन साहेब भाषण करतात. या पोरानं तारीख टाकली आणि कागद मिटला. मला ही नोंद फार आवडते. रोजकीर्दीत असावी तशी आहे. रडगाणं नाही, रक्कम बरोबर.

इथं वयाचा एक मुद्दा सांगून टाकतो, कारण भाचीच्या सगळ्या अंदाजांचं मूळ त्यात आहे. हायडन सतरा, शूबर्ट पंधरा. बाखच्या काळात लाइपझिगची मुलं सोळा-सतरा वर्षांपर्यंत सहज वरच्या पट्टीत गायची. आज बहुतेकांचा आवाज तेरा-चौदाव्या वर्षीच बदलू लागतो. मुलं चांगली खातातपितात, लवकर वाढतात, स्वरयंत्र लवकर मोठं होतं, स्वरतंतू लांब आणि जाड होतात. म्हणजे दूध-अंडी जिंकली आणि गाणं हरलं. आठव्या वर्षी घेतलेलं पोरगं शिकून तयार होईतो बारावं लागतं. नफ्याचं असं वर्ष म्हणाल तर एक, फार तर दीड. एवढ्या अल्प मुदतीच्या मालावर जर कुणी प्रेम करत असेल, तर तो केसांवरून महिने मोजणार नाही तर काय करणार?

१९१८ साली ऑस्ट्रियाचं साम्राज्य गेलं. त्याबरोबर दरबारही गेला आणि दरबारी पोरांचा पगारही. १९२४ साली योझेफ श्निट नावाच्या धर्मगुरूंनी वृंद पुन्हा उभा केला, आणि पैसे कमी पडायला लागले तशी पोरं गावोगाव कार्यक्रम करायला निघाली. लष्करी थाटाचा जुना गणवेश जाऊन खलाशी पोशाख आला. आजही ती मुलं त्याच पोशाखात दौऱ्यावर असतात. शंभरेक मुलं, चार तुकड्या. तुकड्यांची नावं ब्रुकनर, हायडन, मोझार्ट आणि शूबर्ट. ज्या हायडनला छड्या मारून हाकलला त्याच्या नावाची तुकडी जगभर टाळ्या घेते. म्हणजे पोरगं सेंट स्टीफन्सनं हाकललं आणि नाव लावलं दुसऱ्याच वृंदानं. माणूस मोठा झाला की असे नातेवाईक निघतातच. १९६२ साली डिस्नेनं या वृंदावर ‘ऑलमोस्ट एंजल्स’ नावाचा चित्रपट काढला. त्यात दौऱ्याच्या तोंडावर एका मुलाचा आवाज फुटतो, आणि त्याचे सोबती ते लपवतात. त्याच्या मागं उभे राहून स्वतः गातात, तो नुसते ओठ हलवतो. मी तो पाहताना माझ्या डोळ्यांसमोर आमच्या शाखेतला एक जुना रोखपाल होता. दृष्टी गेलेली, निवृत्तीला चार महिने. अवघी शाखा त्याच्या नोटा मोजून द्यायची आणि तो वरून रबर लावायचा.

आता जमाखर्चाचा एक किस्सा. १९८२ च्या नाताळात ब्रिटनच्या दूरदर्शनवर ‘द स्नोमॅन’ नावाचा व्यंगपट दाखवला. बर्फाचा माणूस आणि एक मुलगा हात धरून आकाशातून उडतात, आणि मागं एका पोराचा आवाज येतो. गाणं हॉवर्ड ब्लेक यांचं, ‘वॉकिंग इन द एअर’. सगळ्या देशाला त्यानं वेड लावलं. गाणारा पोरगा होता पीटर ऑटी, लंडनच्या सेंट पॉल्स कॅथीड्रलमधला. श्रेयनामावलीत त्याचं नावच नव्हतं. तीन वर्षांनी, १९८५ साली, एका खेळण्यांच्या दुकानाच्या जाहिरातीसाठी ते गाणं पुन्हा हवं झालं. ऑटीचा आवाज तोवर फुटलेला. मग वेल्समधला अॅलेड जोन्स आला, चौदा वर्षांचा. त्यानं गायलं, त्याची तबकडी ब्रिटनच्या यादीत पाचव्या क्रमांकावर गेली, आणि लोकांनी मनाशी ठरवून टाकलं की चित्रपटातही हाच गायला होता. अजूनही कित्येकांना तसंच वाटतं. सिनेमातल्या श्रेयालाही इंग्रजीत क्रेडिटच म्हणतात. म्हणजे एकाचं क्रेडिट सरळ दुसऱ्याच्या खात्यात! ती नोंद दुरुस्त व्हायला २००२ साल उजाडलं. विसाव्या वर्धापनदिनाच्या आवृत्तीत ऑटीचं नाव आलं. वीस वर्षं! ग्राहक असता तर त्यानं काउंटर फोडला असता. ऑटी मात्र दरम्यान ऑपेराचा गायक झालेला होता. आणि अॅलेड जोन्सचं तरी काय? सोळाव्या वर्षी त्याचाही आवाज गेला. घसारा क्रेडिट बघत नाही.

भाचीला मी हे सगळं सांगितलं तेव्हा ती म्हणाली, “मामा, पण तेव्हाचे चाहते अंदाज कसे करायचे? फोटो नाहीत, व्हिडिओ नाहीत.” याचं उत्तर १९२७ सालात आहे, आणि तेच मला मुख्यतः सांगायचं होतं.

लंडनमध्ये वकिलांच्या वस्तीत टेंपल चर्च म्हणून बाराव्या शतकातलं देऊळ आहे. मायक्रोफोन लावून विजेवर ध्वनिमुद्रण करायची युक्ती तेव्हा नवीन. हिज मास्टर्स व्हॉइस कंपनीनं, म्हणजे आपल्या कुत्राछाप तबकडीवाल्यांनी, आपली फिरती गाडी १९२७ च्या मार्च महिन्यात त्या चर्चच्या दाराशी आणली. ऑर्गनवर थाल्बेन-बॉल. रचना मेंडेल्सोनची, ‘हिअर माय प्रेयर’. तिच्या उत्तरार्धात, ‘ओ फॉर द विंग्ज ऑफ अ डव्ह’ या भागात, एका मुलाचा आवाज एकटा वर चढत जातो. तबकडीवर नाव छापलं ‘मास्टर ई. लॉफ’. अर्नेस्ट लॉफ, वय पंधरा.

ती तबकडी इतकी खपली की साचाच झिजून गेला. १९२८ साली सगळ्यांना पुन्हा उभं करून तेच गाणं पुन्हा मुद्रित करावं लागलं. १९६२ साली दहा लाखांच्या खपाबद्दल सोन्याची तबकडी मिळाली. रविवारी टेंपल चर्चला गर्दी लोटायला लागली. आणि मग चाहत्यांनी अंदाज सुरू केले. त्यांच्या हाती एक काळी तबकडी आणि तीवरची दोन अक्षरं, बाकी काही नाही. एवढ्या भांडवलावर त्यांनी काय निष्कर्ष काढावा? पोरगं मेलं. असा आवाज या जगात टिकतच नाही. गाणं संपलं आणि पोरगं गेलं. कुणी म्हणे क्षय झाला, कुणी म्हणे आणखी काही. घराघरात लोक तबकडी लावून बसत आणि त्या बिचाऱ्यासाठी डोळे पुसत.

मला विचाराल तर ही वावडी उठवणाऱ्यांना मी मूर्ख म्हणणार नाही. त्यांनी बातमी चुकीची दिली, पण हिशेब फारसा चुकला नव्हता. ज्या पोराचा तो आवाज होता ते पोरगं एक-दोन वर्षांत खरोखरच नाहीसं होणार होतं. त्याच्या जागी दाढी करणारा, नोकरी शोधणारा एक माणूस येणार होता. भाची ‘फुटला’ म्हणताना जो सूर लावते तोच त्या लोकांनी लावला, इतकंच.

आपल्याकडे हा शब्दच निराळ्या रंगाचा आहे. आपण कंठ फुटला म्हणतो. पालवी फुटते, पान्हा फुटतो, अंकुर फुटतो, तसा कंठ फुटतो. पोपटाला कंठ फुटला की तो बोलायला लागतो. आणि ‘मास्टर’ हा शब्दही आपण असा धरून ठेवतो की सोडतच नाही. संगीत नाटकांत पोरवयात पाऊल टाकणाऱ्यांना मास्टर म्हणायची रीत पडली. मास्टर कृष्णराव १९७४ साली वयाच्या शहात्तराव्या वर्षी गेले, ते मास्टर म्हणूनच. तिकडं लॉफच्या नावापुढचं मास्टर कंठ फुटला त्या दिवशी गळून पडलं.

अर्नेस्ट लॉफ मात्र गळून पडला नाही. त्याचा आवाज खाली उतरून बॅरिटोन झाला. तो जाहिरातीच्या धंद्यात नोकरीला लागला. रोज कचेरी, संध्याकाळी घर. पाहिलं असतं तर आमच्यातलाच वाटला असता. १९४१ च्या १० मे च्या रात्री जर्मन विमानांनी टेंपल चर्चवर आगीचे बाँब टाकले. छप्पर गेलं, आणि तबकडीवर ऐकू येतो तो ऑर्गन जळून गेला. चर्च पुढं पुन्हा बांधलं. लॉफ त्याच चर्चच्या वृंदात मोठ्यांच्या रांगेत उभा राहून कितीतरी वर्षं गात होता. मुलं पुढं, हा मागं. त्याची तबकडी दुकानात चालूच होती.

२००० सालच्या फेब्रुवारीत तो वारला. वय अठ्ठ्याऐंशी. तो मेला म्हणून १९२७ साली ज्यांनी डोळे पुसले, त्यांच्यातले बहुतेक सगळे त्याच्या आधी गेलेले होते.